डोंगरावरच्या गावात दर उन्हाळ्यात नळ कोरडा पडतो, बोअर मारायच्या आधी काय काय तपासायचं

प्रॉब्लेम दरवर्षी तोच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये डोंगरावर एवढा पाऊस की रस्ता वाहून जातो, नाल्याला पूर, दोन दोन दिवस खाली उतरता येत नाही, आणि होळीच्या आधीचा भोंगऱ्या बाजार सुरू व्हायच्या सुमाराला नळाची धार बारीक व्हायला लागते. होळी झाली की एक दिवसाआड, मग चार दिवसाआड, आणि आखाजीची (अक्षय तृतीयेची) घागर भरायला बाया डोंगर उतरून नदीतल्या झिऱ्यावर जातात. मग ग्रामसभेत मागणी एकच, टँकर द्या नाहीतर बोअर मारा. बोअर होते, एक-दोन उन्हाळे चालते, मग तिची पण मोटार हवा ओढायला लागते आणि परत नवीन बोअरची फाईल फिरायला लागते.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याकडचा, पाईपलाईन आणि पंपाचं काम करतो, धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळ साईडला जाणं-येणं असतं. तिकडच्या भाऊबंदांना फोनवर तेच तेच सांगावं लागतं म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतो. माझं म्हणणं एकच आहे, शोध नळापासून सुरू करा आणि लाईन धरून वर वर डोंगराच्या माथ्यापर्यंत जा. बहुतेक ठिकाणी डायरेक्ट स्रोतावर उडी मारतात, म्हणजे नवीन बोअर, नवीन विहीर, मोठी टाकी, आणि मधल्या लाईनीत किती पाणी जातंय ते कोणी मोजतच नाही. डोंगरात पाणी कमी असतं हे खरं, पण आहे ते सुद्धा घरापर्यंत पोचत नाही हे जास्त खरं आहे.

हे फक्त आपल्या सातपुड्याचं नाहीये. शिमल्याचं २०१८ चं उदाहरण आठवत असेल. मे महिन्यात शहराला रोज साडेचार कोटी लिटरच्या आसपास पाणी लागत होतं आणि काही दिवस निम्म्यापेक्षा कमी मिळालं. शहराचे तीन भाग करून पाळीपाळीने पाणी सोडलं, शाळा बंद ठेवल्या, हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली आणि बड्या लोकांच्या बंगल्यावर जाणारे टँकर थांबवायला सांगितले. कारणं बघितली तर सगळी ओळखीचीच वाटतील. त्या हिवाळ्यात बर्फ-पाऊस कमी पडला, गुम्मा-गिरीसारखे स्रोत आटले, लाईनी जुन्या आणि गळक्या, लोकसंख्या मूळ योजनेच्या कितीतरी पुढे गेलेली आणि वरून उन्हाळ्यातले टूरिस्ट. अश्वनी खड्ड नावाचा एक स्रोत तर आधीच बंद पडलेला होता, कारण त्याच्या वरच्या अंगाला असलेल्या सांडपाणी प्रकल्पाचं घाण पाणी त्यात उतरलं आणि २०१५-१६ च्या हिवाळ्यात शहरात काविळीची साथ आली. म्हणजे पाणी होतं पण पिण्यालायक राहिलं नाही. हा मुद्दा पुढे परत येणार आहे.

आधी लक्षण नीट पकडा

"पाणी येत नाही" या एका वाक्यात चार वेगळ्या तक्रारी असतात. खालच्या गल्लीत धो धो आणि वरच्या वस्तीत टिपूस नाही, ही वाटपाची भानगड. पंप चालू आहे, मीटर फिरतंय, पण टाकी भरायला दुप्पट वेळ लागतोय, ही पंपाची किंवा चढत्या लाईनीची. रात्री टाकी भरलेली आणि सकाळी कोणी नळ उघडायच्या आधीच निम्मी, ही गळती. आणि विहिरीत किंवा झऱ्यालाच पाणी नाही, ही खरी टंचाई. शेवटची तक्रार ऐकायला आली तरी पहिल्या तीन तपासल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवू नका, कारण वरच्या आळीतल्या माणसाला चारही गोष्टी सारख्याच दिसतात, नळ कोरडा.

खाली धो धो, वर ठणठणाट

यासाठी एक प्रेशर गेज घ्या, अर्धा इंची आट्याचा, हार्डवेअरच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो, नळाच्या जागी लावता येतो. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ किलो (चौरस सेंटीमीटरला). म्हणजे टाकी तुमच्या नळापेक्षा ४० मीटर वर असेल तर सगळे नळ बंद असताना काटा ४ किलोच्या आसपास पाहिजे. सगळं बंद असताना ४ दाखवतो आणि पाणी सुटल्यावर अर्ध्या किलोवर येतो तर पाईप बारीक आहे किंवा मध्ये गाळ-क्षार बसलेत किंवा खालून कोणीतरी ओढतंय. सगळं बंद असताना सुद्धा अडीच-तीनच दाखवत असेल तर कुठला तरी नळ चालूच आहे किंवा पाणी जमिनीत जातंय. (मोबाईलमधल्या उंचीवर हिशोब करू नका, ती डोंगरात सहज चुकते.)

सपाटीवरच्या गावात टाकी १२-१५ मीटरची असते, दाब दीड किलोच्या वर जात नाही. डोंगरावर एकाच टाकीवर वरची आळी १० मीटर खाली आणि शेवटचा पाडा ८० मीटर खाली असं असतं. तिथे शेवटच्या पाड्याला ८ किलो दाब येतो, तोट्यांचे वायसर टिकत नाहीत, लोक वैतागून तोटीच काढून टाकतात आणि लाकडाची खुंटी मारतात, मग लाईनीतलं सगळं पाणी उतारावर पळतं आणि वरच्याला हवा. वरची माणसं मग मोटार लावतात, टुल्लू, आणि ती मोटार ज्या क्षणी ओढते त्या क्षणी जिथे जिथे पाईप फुटका आहे तिथून गटारीचं पाणी आत येतं. जुलाब-उलट्यांची साथ बऱ्याचदा अशीच येते, पावसामुळेच येते असं नाही.

इलाज मोठी टाकी बांधणं नाही. दर ५०-६० मीटर उतारावर एक छोटी मधली टाकी द्या, ब्रेक प्रेशर टँक म्हणतात, हजार-दोन हजार लिटरची पुरते. पाणी तिच्यात उघड्यावर पडतं, दाब शून्य होतो आणि तिथून पुढची लाईन नव्याने सुरू होते. फ्लोट व्हॉल्व मात्र चांगला पितळी बसवा, नाहीतर ती टाकीच रात्रभर वाहत राहील. तेवढा पैसा नसेल तर आजच्या आज होण्यासारखं काम म्हणजे वॉलमनला (व्हॉल्व उघड-बंद करणाऱ्या माणसाला) सांगून आधी वरची आळी, खालचे व्हॉल्व पूर्ण बंद, आणि वरच्यांचं झालं की मग खाली. यात भांडणं होतात, माहितीये, कारण वेळ पहाटेची असते आणि खालच्यांना सवय झालेली असते, पण ग्रामसभेत वेळापत्रक ठरवून शाळेच्या भिंतीवर लिहून टाकलं की वॉलमनवरचं बालंट कमी होतं.

नळ नुसता फुसफुसतो

पाणी सुटलं की आधी पाच-दहा मिनिटं हवा, मग गचके देत थोडं पाणी, परत हवा. लोक म्हणतात टाकीत पाणीच नाही. वर जाऊन बघितलं तर टाकी भरलेली. ही हवा अडकण्याची केस. लाईन डोंगरावरून जाताना कुठे टेकाड चढते कुठे घळीत उतरते, आणि प्रत्येक टेकाडाच्या माथ्यावर पाईपात हवा साठते. पाण्याला पुढे जायला वाट अर्धीच राहते, कधी कधी पूर्ण बंद.

चेक कसं करायचं तर लाईन धरून चाला आणि जिथे चढ संपून उतार लागतो तिथे एअर व्हॉल्व आहे का बघा. बऱ्याच ठिकाणी तो असतो पण गंजलेला, किंवा पाणी गळतं म्हणून कोणीतरी वर लाकूड ठोकून बंद केलेला. एअर व्हॉल्व नसेल तर त्या माथ्यावरचं युनियन (पाईपाचा आट्याचा जोड) पान्याने हळूच अर्धा आटा सैल करा. आधी शिट्टीसारखा आवाज येतो, गार हवा बोटाला लागते, मग पांढरं फेसाळ पाणी आणि मग एकदम गच्च स्वच्छ पाणी. तेवढ्यात खालच्या आळीतून ओरडा येतो की आलं आलं. युनियन परत आवळा आणि तिथे कायमचा एअर व्हॉल्व बसवून घ्या, वर जाळी आणि विटांची छोटी पेटी करा नाहीतर गुरं मोडतात. आणि घळीच्या सगळ्यात खालच्या बिंदूला वॉशआऊट द्या, पावसाळ्यानंतर एकदा उघडून गाळ काढायचा.

रात्रीची टेस्ट, ही कराच

रात्री बारा वाजता गावातले सगळे व्हॉल्व चालू ठेवून घराघरातल्या तोट्या बंद करायला सांगा, पंप बंद, टाकीत काठी घालून पाण्याची खूण करा. पहाटे चारला परत बघा. टाकी ३ मीटर बाय ३ मीटर असेल तर १० सेंटीमीटर उतरलं म्हणजे ९०० लिटर गेलं, चार तासात, कोणी एक तांब्या न भरता.

दाबाखालच्या छोट्या भोकातून किती जातं याचा अंदाज लोकांना येत नाही म्हणून हिशोब देतो. ६० मीटर दाबाच्या लाईनीला ३ मिलिमीटरचं भोक असेल, म्हणजे खिळा शिरेल एवढं, आणि लाईन चोवीस तास भरलेली असेल तर दिवसाला साधारण १२ हजार लिटर जातात. एक मोठा टँकर रोज. जल जीवन मिशनचं माणशी ५५ लिटरचं माप धरलं तर दोनशेच्या वर माणसांचं पाणी एका खिळ्याएवढ्या भोकातून. आणि डोंगरात हे दिसत नाही, कारण मुरमात जातं किंवा खडकाच्या फटीतून खाली घळीत निघतं. म्हणून एप्रिल-मे मध्ये लाईन धरून चालताना डोळे हिरव्यावर ठेवा. सगळा डोंगर पिवळा आणि मध्येच हातभर हिरवं गवत, केना-आघाडा तरारलेला, गांधीलमाश्या घोंगावताहेत, तिथे उकरा. यंत्रबिंत्र नसलं तरी चालतं, गुराखी पोरांना विचारलं तर त्यांना अशा जागा पाठ असतात.

लाईट गेली की पाईप फुटतो

खाली विहीर किंवा धरण, वर टाकी, मध्ये ८०-१०० मीटर चढ. लाईट अचानक गेली की चढत चाललेलं पाणी थांबतं आणि उलटं खाली येतं, एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व) धाडकन बंद होतो आणि तो दणका चढाच्या पायथ्याच्या जॉईंटला बसतो. दरवेळी पाईप त्याच २०-३० मीटरच्या टप्प्यात फुटत असेल तर पाईप खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडू नका, आधी पाईपावरचं छापील वाचा. एचडीपीई (काळ्या प्लास्टिकच्या) पाईपावर पीएन ६ लिहिलं असेल तर तो ६ किलोचा, म्हणजे ६० मीटरचा. ९० मीटर चढाला पायथ्याशी पीएन ६ टाकला तर तो फुटणारच, तिथे पीएन १२.५ किंवा जड जीआय (जस्त चढवलेला लोखंडी पाईप) पाहिजे, वर वर दाब कमी होत जातो तिथे हलका चालतो. पैसा वाचवायचा तर वरच्या टप्प्यात वाचवा. एनआरव्ही फक्त पंपाजवळ एकच असेल तर चढाच्या मध्ये अजून एक द्या म्हणजे पाण्याची उभी लाट दोन तुकड्यात तुटते.

पंप चालतोय पण पाणी चढत नाही, यात सगळ्यात आधी व्होल्टेज. तीन फेजचं व्होल्टेज मोजा, डीपी (ट्रान्सफॉर्मर) लांब असली की ४१५ च्या जागी ३४०-३५० मिळतं, मोटार गरम होते आणि पाणी अर्ध्यात अडकतं. सोलर असेल तर पॅनेलवरची धूळ, मार्च-एप्रिलमध्ये शेतातला कचरा जळून राख उडते, पुसायला माणूस ठेवा.

आता स्रोत, म्हणजे झरा

इथे जरा थांबून लिहितो कारण मला यातलंच जास्त महत्त्वाचं वाटतं आणि नेमकं यावरच पैसा सगळ्यात कमी खर्च होतो.

आपला सातपुडा आणि खाली धुळ्याकडचा डोंगर बहुतेक काळ्या बेसॉल्टचा. हा दगड थरांनी बसलाय, एक थर घट्ट अखंड, त्यावर भोकाभोकाचा किंवा कुजलेला मुरमाड, मध्ये कुठे लाल मातीचा पट्टा. पावसाचं पाणी मुरमाड थरात उतरतं, खालचा घट्ट थर लागला की त्याला पुढे जाता येत नाही, मग ते आडवं सरकत सरकत डोंगराच्या कडेला जिथे तो थर उघडा पडतो तिथे झरा म्हणून बाहेर येतं. शिवाय आपल्याकडे नंदुरबार-धुळे पट्ट्यात काळ्या दगडाच्या उभ्या भिंती जमिनीत घुसलेल्या आहेत, डाईक म्हणतात, मैलोनमैल लांब जातात, साक्रीकडे रस्त्याने जाताना बांधल्यासारख्या सरळ रांगा दिसतात त्याच. भिंत घट्ट असेल तर ती जमिनीखाली पाणी अडवते, वरच्या अंगाला विहीर भरलेली आणि पन्नास पावलांवर खालच्या अंगाला कोरडी, असा प्रकार तिथे होतो. याला नशीब म्हणून सोडून देऊ नका, डाईक कुठून जाते ते भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा माणूस बोलावून समजून घ्या, त्यांचं जिल्ह्याला ऑफिस असतं.

झरा तपासायला बादली आणि मोबाईलमधलं घड्याळ पुरतं. दहा लिटरची बादली किती सेकंदात भरते ते बघायचं. ४० सेकंदात भरली म्हणजे मिनिटाला १५ लिटर, दिवसाला २१ हजार ६०० लिटर. ५५ लिटरच्या मापाने जवळजवळ चारशे माणसांचं पाणी. आता बघा, गाव साडेतीनशे माणसांचं, झरा एवढा, तरी हंडे रांगेत का? कारण झरा चोवीस तास वाहतो आणि गाव सकाळी दोन-तीन तास भरतं. रात्रीचे दहा तास धरले तर ९ हजार लिटर नाल्यात जातं. तिथे दहा हजार लिटरची साठवण टाकी बांधली की अर्धं भांडण मिटतं, बोअर न मारता.

ही बादली ऑक्टोबरपासून दर महिन्याला एकदा भरा आणि वहीत लिहा, शाळेतल्या पोरांना हे काम द्या, ते मन लावून करतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हळूहळू उतरत गेली तर झऱ्यामागचा साठा बरा आहे. दिवाळीला जोरात आणि संक्रांतीलाच बंद, तर साठा उथळ आहे, पाणी येतं तसं निघून जातंय. आणि पाऊस पडल्यावर दोन-चार तासात झरा गढूळ होत असेल तर पाणी मुरून गाळून न येता फटीतून सरळ उतरतंय, असं पाणी उकळल्याशिवाय किंवा ब्लीचिंग टाकल्याशिवाय प्यायचं नाही.

दुसरं काम झऱ्याचं पाणी जिथून मुरतं ती जागा शोधणं. सगळे झऱ्याच्या डोक्यावरचा उतार धरतात. पण थर जवळपास आडवे असल्यामुळे ती जागा बऱ्याचदा वरचं पठार असतं, कधी कधी डोंगराच्या पलीकडच्या अंगाचं, दुसऱ्या गावाच्या हद्दीतलं. सिक्कीमने २००८ पासून धारा विकास नावाने हेच केलं, आधी कुठल्या झऱ्याचं पाणी कुठे मुरतं ते दगड बघून ठरवलं आणि मग फक्त तिथेच चर खणले, आणि त्यात पुण्याच्या ॲक्वाडॅम संस्थेच्या भूजलतज्ज्ञांची मदत होती. हिमालयातले निम्म्याच्या आसपास बारमाही झरे आटले किंवा हंगामी झाले असं नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालात आहे, म्हणून तिकडे हे काम जोरात आलं. दार्जिलिंगसारखं शहर अजूनही मुख्यतः इंग्रजांच्या काळातल्या सेंचलच्या तलावांवर आणि त्यांना पाणी देणाऱ्या झऱ्यांवर अवलंबून आहे, माणसं कितीतरी पटीने वाढली आणि झरे बारीक झाले.

आपल्याला लांब जायची पण गरज नाही. साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघून या. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी ९० च्या दशकापासून कुऱ्हाडबंदी, चराईबंदी करून चारशे हेक्टरच्या आसपास जंगल राखलं, लोकांनी श्रमदानाने छोटे छोटे दगडी बंधारे घातले, चर खणले, आणि ज्या गावात पाण्यासाठी वणवण होती ते आजूबाजूच्या गावांना पाणी द्यायला लागलं. २०२५ ला चैत्रामभाऊंना पद्मश्री जाहीर झाला. तिथे गेल्यावर बंधाऱ्यापेक्षा जमिनीवरचा पाचोळा बघा, हात घाला, खाली माती ओली लागते. पाणी तिथे अडतं.

चर खणायचे तर पठारावर आणि कमी उताराला, समपातळीत, साधारण दोन फूट रुंद एक फूट खोल, तुटक तुटक. खूप तीव्र उतारावर आणि झऱ्याच्या अगदी डोक्यावर खणू नका, तिथे पाणी साठून दरड येते. काम होळीनंतर सुरू करून मृगाच्या आत संपवायचं. झऱ्याच्या वरच्या अंगाला शौचालयाचा खड्डा, गोठा, कचरा काहीच नको, शिमल्याला जे झालं ते दोनशे उंबऱ्यांच्या गावात व्हायला वेळ लागत नाही. आणि झऱ्याला धार बारीक झाली म्हणून पहार, ब्रेकर, सुरुंग लावून तोंड मोठं करायला जाऊ नका, खालचा घट्ट थर फुटला की पाणी तिथूनच खाली उतरतं आणि झरा जागा सोडून जातो, परत आणता येत नाही.

शिरपूर पॅटर्न आमच्याकडे करा म्हणून मागणी येते. सुरेश खानापूरकर साहेबांनी शिरपूर तालुक्यात नाले खोल-रुंद करून, ओळीने सिमेंटचे बंधारे बांधून, कोरड्या विहिरी भरून दाखवल्या, त्यांचं काम मोठं आहे, मी त्याचा आदर करतो. पण ते तालुक्याच्या सखल भागात, मंद उताराच्या नाल्यावर. तीव्र उताराच्या घळीत तसं खोल खणलं तर पाणी धरणारा थर कापला जायची भीती असते. वर डोंगरात छोटं आणि उथळ, खाली सपाटीला मोठं आणि खोल, हा फरक ठेवा. आणि डोंगरात मुरलेलं पाणी वाया जात नाही हे पण रावेर-यावलच्या केळीवाल्यांना विचारा. सातपुड्याच्या पायथ्याला गोटे-वाळूचा जो बझाडा पट्टा आहे तिथे डोंगरावरून उतरणारं पाणी भराभर मुरतं आणि त्यावरच त्यांच्या ट्यूबवेल चालतात. वरच्या गावांना झाडं राखायला त्या पट्ट्यातून पैसा मिळाला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि बोअर?

नाहीच मारायची असं म्हणत नाही. पण झऱ्याच्या जवळ मारू नका, दोघांचं पाणी एकाच थरातलं असतं, बोअर चालू झाली की झरा बंद, आणि झऱ्याला लाईट बिल नव्हतं. पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत दुसरी विहीर-बोअर घ्यायला भूजल कायद्यात बंदी आहे, ते शेतातल्या बोअरला पण लागू होतं, तक्रार तहसीलला करता येते. हातावर नारळ ठेवून पाणी सांगणाऱ्या नारळवाल्याच्या भरवशावर जागा ठरवू नका.

छपराचं पाणी

छोटं काम आहे म्हणून लोक सोडून देतात. १ मिलिमीटर पाऊस १ चौरस मीटरवर पडला की १ लिटर. ५० चौरस मीटरचं पत्र्याचं छप्पर आणि हजार मिलिमीटर पाऊस धरला, पाचवा हिस्सा वाया धरला, तरी ४० हजार लिटर. एवढी टाकी घरी कोणी बांधणार नाही, पण शाळा, आश्रमशाळा, पंचायत, दवाखाना यांची छपरं मोठी असतात. तोरणमाळसारख्या ठिकाणी लॉज-हॉटेलवाल्यांवर हे सक्तीचं पाहिजे, टूरिस्ट जास्त येतात तेव्हाच पाणी कमी असतं. पहिल्या एक-दोन पावसाचं पाणी सोडून द्यायचं. टाकी पूर्ण झाकलेली, उजेड आत जायला नको, आणि हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर, ताजी, कारण उघडी राहिलेली पावडर महिन्याभरात निकामी होते.

सगळं करून पण कमीच पडलं तर

असं होऊ शकतं. मग खालून पाणी उचलायची योजना. अक्राणी-अक्कलकुव्याच्या नर्मदाकाठच्या पाड्यांना सरदार सरोवराचं पाणी घरातून दिसतं, पूर्ण भरल्यावर पातळी १३८.६८ मीटर, आणि पाडा त्याच्या तीन-चारशे मीटर वर तहानलेला. हे बघून जीव तुटतो, ज्यांची जमीन त्या पाण्याखाली गेली त्यांनाच प्यायला पाणी नाही. शिमल्याने पण शेवटी सतलजमधून रोज ६७ दशलक्ष लिटर पाणी सुमारे १६०० मीटर उचलायची योजना घेतली.

पण उचलायचा हिशोब आधी समजून घ्या. १००० लिटर पाणी १०० मीटर वर न्यायला शुद्ध गणिताने पाव युनिटपेक्षा थोडी जास्त वीज, पंपाची आणि पाईपाची घट धरून साधारण ०.४५ युनिट. ४०० मीटरला १.८ युनिट. रोज एक लाख लिटर म्हणजे १८० युनिट रोज, महिन्याला ५ हजार ४००. हे बिल भरणार कोण? नंदुरबारच्या डोंगरात मी अशा योजना बघितल्यात ज्यांचं पाईप, पंप, टाकी सगळं उत्तम आहे आणि बिल थकलं म्हणून कनेक्शन कापलंय. आणि अशी उचललेली लाईन गळकी असली तर एकेक लिटर वीज भरून जमिनीत सोडताय, म्हणून गळती आधी, उपसा नंतर, हा क्रम उलटा करू नका.

योजना मंजूर होऊन आली की ठेकेदाराकडून ताबा घेताना या गोष्टी बघा. पाईपावरचे पीएन आकडे टप्प्याटप्प्याने नकाशाप्रमाणे आहेत का, प्रत्येक माथ्यावर एअर व्हॉल्व आणि प्रत्येक घळीत वॉशआऊट आहे का, टाकीच्या आऊटलेटला मीटर बसवलाय का, आणि दुसरा पंप. दुसरा पंप गोडाऊनमध्ये खोक्यात आहे असं सांगतील. तो जोडून, चालवून, वरच्या टाकीत त्याचं पाणी पडताना डोळ्याने बघा, मगच सरपंचांनी सही करायची.